डेबऱ्याचा तक्ता

पठाणपुरा, चंद्रपूर
२ एप्रिल २०२४

प्रफुल्ल,

जयभीम. याच्या आधी ‘सप्रेम’ लिहायचं असतं. ते लिहायला हात वळत नाही.

रजिस्टर पोस्टानं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. व्हॉट्सअॅपवर तुझ्या दोन निळ्या खुणा उमटतात आणि मग तू मेल्यासारखा गप्प बसतोस. पोस्टमनसमोर निदान पोचपावतीवर सही तरी करशील.

बाबा गेल्यापासून तीन वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. बाबांच्या पुण्यानुमोदनाला तू दोन तासांसाठी आलास आणि जेवणाच्या पंगतीत फिरून लोकांना कंपनीचे चकचकीत कागद वाटलेस. ‘रक्षिका, महिलांसाठी खास छोटं पिस्तूल.’ कागदावर लिपस्टिक लावलेल्या बाईचा फोटो. चैतूमामाच्या ताटात वरणावर पडला एक कागद, त्यानं तो चाटून पुसून खिशात ठेवला, तुझं मन राखायला. तेव्हाच मला तुझी शिसारी आली होती. वाटलं, याच्याखाली आता हा काय उतरणार.

काल रिना सिडाम बाबांच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात आली. तुला ती माहीत नाही. जिवतीच्या पलीकडल्या कोलामगुड्यावरची पोरगी, चोवीस वर्षांची, सिक्युरिटी एजन्सीत बंदूकधारी गार्ड. नेमबाजी तिला मी शिकवली. तिच्या हातात तुझ्या कंपनीनं पोलिसांना दिलेल्या पत्राची झेरॉक्स होती. मी उभ्याउभ्या वाचलं. तूच लिहिलंय, तरी पुन्हा वाच:

‘सदर शस्त्रात कोणताही दोष आढळून येत नाही. गोळी लक्ष्याच्या डावीकडे व खाली जाणे, हे उजव्या हाताने नेम धरणाऱ्या अननुभवी व्यक्तीने चाप झटक्याने ओढल्याचे सर्वमान्य लक्षण आहे.’

खाली सही. प्र. ल. निमगडे, गुणवत्ता निरीक्षक. अक्षर कसं स्वच्छ, शाई कुठे फासलेली नाही.

काय घडलं ते तुला कंपनीनं सांगितलं नसेल, किंवा तू विचारलं नसशील, म्हणून सांगते. ८ मार्चला मार्कंड्याची जत्रा होती. वैनगंगेच्या काठाला, दुकानांपासून जरा बाजूला, एजन्सीची एटीएमची गाडी उभी होती आणि तिच्यापाशी रिना. भर दुपारी एक पिसाळलेलं कुत्रं गर्दीतून सुटलं, दोघांना चावलं आणि गाडीजवळ खेळणाऱ्या तीन वर्षांच्या पोरीवर धावलं. आठ पावलांवर. रिनानं पिस्तूल काढलं, तुमचीच रक्षिका, आणि एकच गोळी झाडली. गोळी कुत्र्याच्या डावीकडून, खालून गेली आणि मागे बसलेल्या ठमाबाईच्या गुडघ्यात शिरली. ठमाबाई बांबूच्या टोपल्या विणते, त्याच विकायला बसली होती. कुत्रं आवाजानं पळालं. पोरीला काही झालं नाही.

जत्रेत गोळी झाडायचीच नव्हती, हे मी रिनाला तोंडावर सांगितलं. पोरीला उचलून गाडीत टाकायचं होतं. तिची चूक ती एवढीच. नेम तिचा चुकत नाही. दोन महिने मी तिला रोज संध्याकाळी दुकानाच्या मागे रिकामा चाप ओढायला लावलं होतं, नळीवर खडू उभा ठेवून. खडू एकदाही पडला नाही. आणि तू तिला अननुभवी म्हणतोस. तुझ्या बापानं जी दाखवली तीच रीत आहे ती, बाबू.

आता मुद्द्याचं. रिनाचं नाव वनरक्षकाच्या यादीत लागलंय. जुलैत मोहर्लीकडे रुजू व्हायचंय. तिच्या गुड्यावरून सरकारी नोकरीत गेलेलं अजून कोणी नाही. १८ जूनला कोर्ट ठरवणार, तिच्यावर खटला चालवायचा की तिला मोकळं करायचं. खटला लागला की पडताळणीत तिचं नाव कापलं जाणार. एजन्सीनं तर तिला काढूनच टाकलंय. आणि तिच्याविरुद्ध पक्का कागद काय आहे? तुझं हे पत्र. तेवढंच.

मागे घे ते. दुसरं काही नको मला तुझ्याकडून.

निशा


चंद्रपूर
१९ एप्रिल

प्रफुल्ल,

तुझं उत्तर पोचलं. तुझं कसलं, कंपनीच्या वकिलाचं. ‘यापुढील सर्व पत्रव्यवहार विधी विभागाशी करावा.’ माझ्या पाठच्या भावाशी बोलायला मी विधी विभागाकडे जाऊ? थू. मी तो कागद दुकानाच्या मागे नेऊन पालापाचोळ्यात जाळला आणि हात साबणानं धुतले. खरंच धुतले.

परवा मी ठमाबाईला भेटायला गेले. चामोर्शीच्या अलीकडे तिचं गाव. रिनाला यायचं होतं, मी म्हटलं तू नको. म्हातारी दारापुढं खाटेवर बसली होती, पाय लांब करून. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं आधी पाणी दिलं.

“नर्सबाई म्हन्ते, पाय वाचला,” ती म्हणाली. “वाचला तं वाचला, पन वाकत नाई ना. टोपली इनाले मांडी घालाव लागते, बाई. मांडीत दाबून धरल्याबिगर बांबू वळतच नाई. आता मी मांडी कशी घालू, सांग.”

मी रिकामा पेला खाली ठेवला.

“त्या पोट्टीवर माहा राग नाई,” ती म्हणाली. “माह्यापेक्षा तेच जोरानं रडत होती. पन थो पिस्तुल ज्यानं बनोला ना, त्याले एक डाव इथी आन. माह्यासमोर बसव. म्हन त्याले, घाल मांडी.”

मी तिला सांगितलं नाही की तो माझा भाऊ आहे. निघताना तिनं एक लहान टोपली दिली, जत्रेतली उरलेली. नको म्हटलं तरी ऐकेना. ती इथे टेबलावर आहे, मी तिच्यात स्क्रू ठेवते.

आता तुझ्या त्या रक्षिकेबद्दल बोलू. बाबा काय म्हणायचे आठवतं? चाप दोन जातीचे, बोलका आणि मुका. बोलका चाप थोडा मागे येतो, मग एका जागी थांबून विचारतो, सोडू का? हो म्हटलं की सुटतो, नाही म्हटलं की परत जातो. मुका चाप काही विचारत नाही. वाट्टेल तिथे सुटतो. असं हत्यार आलं की बाबा गिऱ्हाइकाला परत करायचे, कोणी कितीही मोठा असो. म्हणायचे, हे मुकं आहे, घरात ठेवू नका.

तुझी रक्षिका मुकी आहे. चाप सुरुवातीला ढिला, मध्ये रेतीत बोट घातल्यासारखी खरखर, मग इतका जड की मनगट थरथरायला लागतं, आणि तुम्ही दमून जरा सैल पडलात की धाडकन सुटतो. ‘महिलांसाठी खास’ म्हणे. कोणत्या महिलेला विचारून बनवलं रे? त्याच्यावर नळी तिच्या जागी घट्ट बसत नाही, हलवली तर बारीक खुडखुड येते. आठ पावलांवर गोळी नेमापासून वीतभर डावीकडे आणि खाली. हत्याराला गुलाबी मूठ लावली म्हणजे झालं का?

आता तू विचारशील, तुला कसं माहीत. रिनाचं पिस्तूल तर पोलिसांनी सील केलंय, आणि एजन्सीकडची बाकीची अकरा तुझ्या कंपनीनं आठ दिवसांत ‘मोफत सर्व्हिसिंग’ म्हणून उचलून नेली. किती तत्परता! मी ती हातात घेतली होती. कधी आणि कशी, ते सोड.

सरकारी तपासणीच्या कागदात एवढंच आहे की शस्त्र चालू स्थितीत आहे. तेवढंच विचारलं होतं त्यांना. चालू तर आहेच. ठमाबाईला विचार.

निशा


चंद्रपूर
६ मे

प्रफुल्ल,

बेचाळीस-त्रेचाळीस अंशाचं ऊन आहे, पत्र्याखाली डोकं उकळतंय आणि मी हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलं. आधीची तीन फाडली. त्यांत फक्त शिव्या होत्या.

रिनाचे वकील लोकेश वाळके. नवा पोरगा आहे, पण मन लावून काम करतो. काल तो म्हणाला, “बाई, तुमच्या दुकानात तो नेमबाजीचा तक्ता आहे ना, त्याची एक झेरॉक्स द्या. कंपनी म्हणते सर्वमान्य लक्षण, तं पाहू तरी काय मान्य आहे.”

तो तक्ता तुला आठवत असणारच. गोल, त्याच्या फोडी पाडलेल्या, आणि प्रत्येक फोडीत नेमबाजाचा एकेक दोष. गोळी उजवीकडे गेली तर अंगठा दाबला, वर गेली तर मनगट उचललं, डावीकडे खाली गेली तर चाप झटक्यानं ओढला. वीस वर्षं दारामागे लटकलाय. मी खिळ्यावरून काढला, फुंकर मारली आणि उलटा धरला.

मागे बाबांचं अक्षर. निळ्या बॉलपेननं काढलेला तसाच गोल, पण आरशात धरल्यासारखा. डावीकडलं सगळं उजवीकडे. वर लिहिलंय, ‘प्रफुल्लसाठी. हा डेबरा आहे. याचा झटका उजवीकडे खाली जातो. याचं सगळं उलटं वाचावं.’ तारीख २००३ ची. तू तेव्हा अकरा वर्षांचा होतास, डावखुरा, छऱ्याची बंदूक डाव्या खांद्याला लावायचास आणि लोक हसायचे.

मी ते लोकेशला वाचून दाखवलं.

रिना डेबरी आहे, प्रफुल्ल.

मी रिनाला फोन लावला. “कोणत्या हातानं मारतेस तू?”

“आता हे काय विचारनं झालं बाई? तुमाले मालूम नाई काय? डाव्या.”

“मग कागदावर उजवा काऊन लिहिलाय?”

“एजन्सीच्या बाबूनं लिवला. मी सही उजव्यानं केली, त्यानं पाह्यलं, लिवून टाकलं. शाळेत गुरुजी डाव्या हातावर छडी मारे ना. लिवनं तेवढं उजव्यानं होते. बाकी सारं डाव्यानं.”

कंबरेचा पट्टासुद्धा डाव्या बाजूला आहे तिचा. गाडीसमोरचा तिचा फोटो आहे, पिस्तूल डावीकडे लटकलेलं दिसतं. पाहणाऱ्याला दिसतं. रिनाचा झटका जाईल तर उजवीकडे खाली जाईल. डावीकडे जायचं कारण तिच्या बोटात नाहीच. ते तुझ्या नळीत आहे.

दुसऱ्या कोणी ते पत्र लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, बाबू माणूस, त्याला काय कळतं. पण तू लिहिलंस. ज्याला जेवायला बसताना मायनं लुगड्याची चिंधी घेऊन डावा हात मागे बांधला, त्यानं. चार माणसांत नाव ठेवतात म्हणून बांधायची ती. तू उजव्या हातानं भात सांडत जेवायचास आणि नाकातून पाणी गळायचं. माय पाणी आणायला उठली की तू हळूच म्हणायचास, ‘बाई, सोड.’ तेव्हा मला बाईच म्हणायचास. ती गाठ कोण सोडायचं? मी सोडायचे. दोन घास डाव्यानं घाईघाईनं खायचास, मग मी पुन्हा बांधायचे, त्याच जागी, तिला कळू नये म्हणून. तो पोरगा आज लिहितो, ‘उजव्या हाताने नेम धरणाऱ्या’. तुला विचारावंसंही वाटलं नाही की हात कोणता? फॉर्मवर उजवा होता म्हणून उजवा? आख्ख्या कंपनीत हे एकट्या तुला सुचायला पाहिजे होतं.

की सुचलं होतं?

रागात भाषा घसरते माझी, घसरू दे. लाज कोळून प्यायलास तू.

निशा


चंद्रपूर
२३ मे, बुद्धपौर्णिमा

प्रफुल्ल,

पोचपावती आली. सही आहे, शब्द नाही.

मायनं खीर केली आहे. विहारातून आल्यापासून ती तुझं पत्र आलं का विचारते. मी तिला सगळं सांगितलं, चिंधीचंसुद्धा. वाटलं, रडेल. ती म्हणाली, “मी तं माहेर-सासरच्या लोकायच्या बोलन्याले भेली होती. थो कोनाले भेला?” आणि खिरीत वेलची टाकायला उठली.

कोणाला भ्यालास, हे मला तू सांगणार नाहीस. मग मी माझं सांगते. ते सांगितल्याशिवाय तुला शिव्या द्यायचा मला हक्क राहत नाही, हे मला ६ तारखेपासून टोचतंय.

ती बारा पिस्तुलं तपासून द्यायला एजन्सीनं माझ्याकडेच आणली होती. नोव्हेंबरात. दुसरीकडे कुठे आणणार? जिल्ह्यात दुकानं किती. पेटी उघडली तर प्रत्येकाच्या पट्टीवर कोरलेली तुझी खूण, छोटासा ‘प्र’. मला काय वाटलं सांगू? बाबा असते तर त्यांना बोट फिरवायला दिलं असतं. तीन वर्षांचा राग होता, तरी तो ‘प्र’ पाहून छाती भरून आली माझी. थुंकते मी त्या क्षणावर.

मग चाप ओढला. मुका. पहिल्याच ओढीत कळलं मला, तुझी शपथ. खोटं कशाला बोलू. नळी खुडखुडली, तेही बोटाला कळलं. रेंजवर नेऊन मारून पाहिलं, बाराच्या बारा डावीकडे खाली. आणि मी स्वतःशी म्हणाले, निशा, वय झालं तुझं, मनगट दुखतं, बोटाला झटका येतो. मी उजवी ना. तक्ता माझ्या बाजूनं बोलत होता, दारामागे लटकून. मी नोंदवहीत लिहिलं, ‘तपासले, ठीक’, आणि खाली बाबांचा ताऱ्याचा शिक्का ठोकला. बाबांनी मुक्या हत्याराच्या नोंदीखाली तो तारा आयुष्यात एकदाही ठोकला नाही.

आणि जानेवारीत रिना आली. म्हणाली, “बाई, हे डावीकडे मारते. माहं बोट बराबर आहे, पन हे डावीकडे मारते.” मी काय केलं? हात धरून तिला दाराशी नेलं, तक्त्यावर बोट ठेवलं. हे पहा, डावीकडे खाली म्हणजे झटका. हत्याराला दोष द्यायचा नाही, स्वतःचं बोट सुधार. डेबऱ्या पोरीला मी उजव्याचा तक्ता वाचून दाखवला, आणि मी डेबऱ्याची बहीण. तो खडू, ते दोन महिने, ज्यांची मी पहिल्या पत्रात फुशारकी मारली, ते त्यासाठी होते. खडू एकदाही पडला नाही. तरी मी म्हणत राहिले, अजून कर.

परवा मी रिनाला विचारलं, “मग तू माझ्याशी भांडली काऊन नाई?”

ती म्हणाली, “तक्त्यावर लिवलं होतं ना बाई. आन तुमी सांगत होत्या.”

हे ऐकून मला माझीच ओकारी आली. तुझी येत होती त्याहून जास्त. तिनं विश्वास ठेवला कागदावर आणि माझ्यावर, आणि ठमाबाई मांडी घालू शकत नाही.

१८ तारखेला मी नोंदवही घेऊन उभी राहणार आहे. लोकेशला सांगितलं. तो म्हणाला, “बाई, तुमचं लायसन जाईल. तुमच्यावरही येऊ शकते.” जाऊ दे. बाबांचं दुकान आहे, बाबांच्या नावानं बंद झालेलं बरं, खोट्या ताऱ्यावर चालण्यापेक्षा. पण लोकेश पुढे जे म्हणाला ते खरं आहे. माझी नोंदवही म्हणते ‘ठीक’. आता मी तोंडानं म्हणणार, ठीक नव्हतं. कंपनीचा वकील विचारेल, तेव्हा खोटं लिहिलं की आता खोटं बोलताय? डेबऱ्या हाताचं सांगितलं तर म्हणेल, त्या वेळी उजव्यानं मारली असेल, कोणी पाहिलं. हत्यार एकही हातात नाही.

एक गोष्ट आहे, ती फक्त तुझ्याकडे आहे. कारखान्यातून निघण्याआधी प्रत्येक पिस्तुलातून निरीक्षक कागदावर पाच गोळ्या मारतो आणि तो कागद फाइलला लागतो. तूच सांगितलं होतंस, पंगतीत कागद वाटताना, छाती काढून. निरीक्षक तू. आणि तू पिस्तूल उजव्या हातात धरत नाहीस, मेलास तरी. तुझ्या डाव्या हातानं मारलेल्या गोळ्या डावीकडे खाली गेल्या असतील, तर जगातला कोणताच तक्ता त्याला झटका म्हणणार नाही.

रिनाच्या पिस्तुलाच्या नंबराचे शेवटचे आकडे ४१७.

निशा


चंद्रपूर
१२ जून

प्रफुल्ल,

काल पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पण पत्त्यावरची शाई डावीकडून उजवीकडे फासलेली. लिहिताना हात अक्षरावरून गेलेला. शाळेत तुझ्या सगळ्या वह्या अशाच मळायच्या. कंपनीच्या पत्रावरची सही स्वच्छ होती ती का, ते मला कालच कळलं. ती तू उजव्यानं केलीस.

आत बारा कागद. चिठ्ठी नाही, दोन शब्द नाहीत.

मी ते टेबलावर मांडले आणि ठमाबाईच्या टोपलीतले स्क्रू एकेका कोपऱ्यावर ठेवले, पंख्यानं उडू नयेत म्हणून. बारा कागद, प्रत्येकावर पाच भोकं. सगळी डावीकडे, खाली. कोपऱ्यात तुझ्या हातचं, ‘हात : डावा’. त्याखाली पेन्सिलनं, ‘नळी सैल. चाप जड. परत पाठवावे.’ आणि त्यावर आडवी रेघ मारून, पेननं, ‘ठीक’.

तारीख ४ ऑक्टोबर. माझ्या महिनाभर आधीची.

म्हणजे तुला सुचलं होतं. तुला माहीत होतं, बाराच्या बारा. पत्र लिहिताना माहीत होतं. उजव्या हाताची ती ओळ तू नीट विचार करून लिहिलीस, कारण डाव्या हाताचं लिहिलं असतं तर तूच अडकला असतास. मी रात्रभर त्या आडव्या रेघेकडे पाहून तुला शिव्या घातल्या. पेन्सिलीवर पेन. कोणी उभं होतं का रे तुझ्या मागे, की एकट्यानंच मारलीस? नको सांगू. माझ्या मागे तर कोणीच उभं नव्हतं.

मी माझी नोंदवही काढून शेजारी उघडली. तुझं ‘ठीक’ आणि माझं ‘ठीक’. ठ सारखा काढतो आपण, बाबांसारखा, वर बारीक गाठ देऊन. मायनं चष्मा लावून दोन्ही पाहिले. म्हणाली, “एकाच बापाचे दिसता.” असं घालून-पाडून ती कधी बोलली नव्हती.

आज सकाळी अकराला मी ते बारा कागद लोकेशच्या हातात दिले, नोंदवहीसकट. त्यानं ४१७ चा कागद उजेडात धरला आणि पाचही भोकांवर बोट फिरवलं. मग म्हणाला, “आता खटला टिकत नाई, बाई. पोट्टी मोकळी होते.” रिना बाहेर बाकावर बसली होती. तिला सांगितलं. ती रडली नाही, हसली नाही. तिनं विचारलं, “म्हंजे माहं बोट बराबरच होतं?” मी हो म्हटलं. ती डाव्या हाताचं बोट वाकवून पाहत बसली.

तुझी नोकरी जाईल. फाइलमधले कागद बाहेर नेले म्हणून कंपनी तुझ्यावर उलटेल, आणि ते पत्र लिहिलं म्हणून पोलीसही विचारतील. माझं लायसन जाईल. हे तुला पाकीट चिकटवतानाच माहीत होतं, तरी चिकटवलंस, एवढं मी धरते. पण माफ केलंय असं समजू नकोस. मला तुझी अजून शिसारी येते, आणि आरशात पाहिलं की माझीही. ती काही पाकीटभर कागदांनी जात नाही.

१८ ला ये. कोर्टात उभा राहा आणि ते कागद तुझे आहेत म्हण. कोर्ट आटोपलं की घरी येऊ नकोस. मी बाहेर उभी असेन, आपण दोघं चामोर्शीच्या गाडीनं ठमाबाईकडे जाऊ. तिनं बोलावलंय तुला. कोण आहेस ते मी तिला कळवलं आहे, माझंही कळवलं आहे. ती आपल्याला तिच्या खाटेसमोर खाली बसवेल आणि म्हणेल, घाला मांडी.

घालायची. ती उठ म्हणेपर्यंत उठायचं नाही.

त्यानंतर घरी चल. माय स्वयंपाक करून वाट पाहील. ती म्हणाली, त्याले सांग, जेवताना हात कोनताही चालते.

बाई